रात्रीत मागून बसणारी टाउन कार

डेट्रॉइटच्या वायव्येला नोव्हाय नावाचं उपनगर आहे. गाड्यांच्या कंपन्यांत आणि त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या कंपन्यांत नोकरी करणारी बरीच मराठी मंडळी इथे स्थायिक झाली आहेत. माझे काका-काकू त्यांतलेच. काका निवृत्त होऊन बराच काळ लोटला, काकूंच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे आणि त्यांच्या गॅरेजमध्ये २००६ सालची लिंकन टाउन कार आहे. गेल्या हिवाळ्यात ही गाडी सकाळी मागून बसलेली दिसू लागली. एका गॅरेजवाल्याने मोठ्या खर्चाचा अंदाज दिला. कॅलिफोर्नियात असलेल्या माझ्या चुलत भावाने फोनवर सांगितलं, "बाबा, आता ती विका आणि एक चांगली एसयूव्ही घ्या." मी मेकॅनिकल इंजिनियर, म्हणून काकांनी मला बोलावलं: "विकायचं की ठेवायचं ते नंतर बघू, आधी तिला झालंय काय ते तू बघ."

मला हा क्रम मनापासून पटला. जुन्या मोठ्या गाडीचं बहुतेक वेळा उलटं होतं. ठेवायची की काढायची याची चर्चा आधी रंगते आणि बिघाड नेमका कुठे आहे हे कोणी पाहतच नाही.

गाडी

टाउन कार फोर्डच्या 'पँथर' प्लॅटफॉर्मवरची. हा साचा १९७९ सालच्या मॉडेलपासून वापरात आला आणि २०११मध्ये बंद झाला. याच साच्यावर फोर्ड क्राउन व्हिक्टोरिया आणि मर्क्युरी ग्रँड मार्क्विस निघत. अमेरिकेतल्या पोलिसांच्या गाड्या, न्यूयॉर्कच्या पिवळ्या टॅक्सी, विमानतळावर पाटी घेऊन उभ्या असलेल्या ड्रायव्हरच्या काळ्या गाड्या, सगळं याच घरातलं. वेगळी चासी आणि तिच्यावर बोल्टांनी बसवलेली बॉडी, पुढे ४.६ लिटरचं व्ही-८ इंजिन, चार गिअरची ऑटोमॅटिक पेटी आणि मागच्या चाकांना ताकद. लांबी जवळजवळ साडेपाच मीटर, म्हणजे आपल्या अ‍ॅम्बॅसेडरपेक्षा मीटरभर जास्त. काकांच्या गॅरेजमध्ये ती शिरते, पण गॅरेजचं दार खाली येताना बंपरपासून वीतभरच अंतर राहतं.

ही गाडी जिथे बनली तो विक्समचा कारखाना नोव्हायच्या अगदी शेजारी, आय-९६ महामार्गाला लागून होता. १९५७ साली तो सुरू झाला आणि २००७ साली बंद पडला. त्यानंतरच्या टाउन कार कॅनडातल्या सेंट टॉमसला तयार झाल्या. म्हणजे काकांची गाडी विक्समच्या शेवटच्या काळातली. तिच्या पहिल्या मालकाच्या मुलीने वडिलांमागे ती विकली, तेव्हा सोबत एक जाड फाइल दिली. ऑइल बदलल्याच्या पावत्याही त्या फाइलमध्ये वर्षवार लावलेल्या आहेत. अशी गाडी घेताना मी मीटरवरच्या मैलांपेक्षा त्या फाइलकडे जास्त बघतो.

या गाड्यांबद्दल बोलताना वर्ष सांगणं फार महत्त्वाचं आहे. १९९६ ते २००१ या काळातल्या अनेक गाड्यांच्या इंजिनावरचा इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांना हवा पोचवणारा भाग, पूर्ण प्लास्टिकचा होता. कूलंट जिथून वाहतं तिथेच तो तडकत असे. त्यावर सामूहिक दावा झाला आणि फोर्डला तडजोड करावी लागली. पुढे त्या जागी अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा असलेला मॅनिफोल्ड आला. २००३ साली चासी बदलली, स्टिअरिंग रॅक-पिनियन पद्धतीचं झालं आणि इंजिनाची ताकद २३९ अश्वशक्तीपर्यंत गेली. म्हणून १९९९ची टाउन कार आणि २००६ची टाउन कार यांना एकाच मापाने मोजू नये. २००५ ते २०११च्या गाड्यांना आणखी एक गोष्ट लागू आहे. मीठ टाकल्या जाणाऱ्या राज्यांत स्टिअरिंगचा खालचा दांडा गंजून अडकू शकतो, म्हणून २०१३ साली या तिन्ही मॉडेलच्या मिळून साडेतीन लाखांहून जास्त गाड्या परत बोलावल्या गेल्या. काकांच्या फाइलमध्ये ते काम झाल्याची पावती होती. नसती, तर मी बाकी काहीही बघण्याआधी तेवढं करून घ्यायला सांगितलं असतं.

लक्षण

टाउन कारच्या मागच्या चाकांना कॉइल स्प्रिंग नसतात. प्रत्येक बाजूला रबराचा एक फुगा असतो, त्यात दाबाखाली हवा भरलेली असते आणि गाडीचा मागचा सगळा भार त्या दोन फुग्यांवर असतो. बॉनेटखाली विजेवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर असतो, तो नायलॉनच्या बारीक नळ्यांतून हवा पाठवतो. प्रत्येक फुग्याच्या डोक्यावर सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे विजेने उघडणारी झडप, असते. मागे उंची मोजणारा एक सेन्सर असतो. डिकीत वजन टाकलं, मागे तीन माणसं बसली की सेन्सरला उंची कमी झालेली कळते, कॉम्प्रेसर सुरू होतो आणि गाडी पुन्हा पातळीत येते.

काकांची तक्रार अशी होती: रात्री गाडी सरळ असते, सकाळी मागून खाली गेलेली असते. किल्ली फिरवली की कॉम्प्रेसरची घरघर ऐकू येते, मिनिटभराने गाडी उचलली जाते आणि मग दिवसभर काही त्रास नाही. थंडी कडाक्याची असेल तर जास्त बसते. अलीकडे घरघर लांबली होती आणि एकदा डॅशबोर्डवर दिवाही लागून गेला होता.

गॅरेजवाल्याने कॉम्प्रेसर बदलायला सांगितलं होतं. तेवढ्याने भागलं नाही तर हवेचं सगळं सस्पेन्शन काढून कॉइल स्प्रिंगा घालू, असंही तो म्हणाला होता. दोन्ही धरून आकडा गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्याला टेकत होता. ते अंदाजपत्रक वाचताना माझ्या मनात एकच प्रश्न आला. सकाळी गाडी उचलली जाते म्हणजे कॉम्प्रेसर काम करतोय. मग रात्री गेलेली हवा कुठून गेली?

तपास

आधी थोडं भौतिकशास्त्र. गॅरेजमध्ये संध्याकाळी २० अंश तापमान असेल आणि पहाटे ते शून्याखाली १० अंशांवर गेलं, तर फुग्यातली हवा गळती नसतानाही सुमारे दहा टक्क्यांनी आकसते. त्यामुळे कडक थंडीत गाडी थोडी खाली येणं स्वाभाविक आहे. पण तसं झालं तर दोन्ही बाजू सारख्याच उतरतील. एक बाजू जास्त उतरली तर तिथे गळती आहे.

म्हणून काकांना मी टेप दिली. चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना रात्री मोजायचं आणि सकाळी गाडी सुरू करायच्या आत पुन्हा मोजायचं. काका हिशेबाचे पक्के. त्यांनी आकडे एका वहीत तापमानासकट लिहून ठेवले. डावी बाजू सातत्याने जास्त बसत होती. उजवीही थोडी उतरत होती, पण दोन्ही बाजूंना जोडणारा अँटी-रोल बार असल्यामुळे डावीकडची बाजू खाली गेली की ती उजवीला ओढतेच.

दुसरी कसोटी याहून उपयोगी. या गाडीच्या डिकीत हवेचं सस्पेन्शन बंद करायचं बटण असतं. ते रात्री बंद केलं. सिस्टीमला वीज नसली की फुग्यावरचा व्हॉल्व्ह बंद स्थितीत राहतो. म्हणजे त्याच्या अलीकडच्या नळ्या, हवेतली ओल शोषणारा ड्रायर आणि कॉम्प्रेसर या सगळ्यांपासून फुगा तुटलेला असतो. तरीही सकाळी डावी बाजू बसली होती. याचा अर्थ स्पष्ट होता: गळती फुग्यात आहे, किंवा व्हॉल्व्ह फुग्यात जिथे बसतो तिथल्या ओ-रिंगमध्ये, म्हणजे हवा अडवणाऱ्या रबरी कडीत. कॉम्प्रेसरचा याच्याशी संबंध नाही. हजारो मैल धावलेल्या गाडीचा एवढा मोठा प्रश्न एका बटणाने निम्मा सुटला, आणि त्याला एक डॉलरही लागला नाही.

मग गाडी ओळखीच्या मेकॅनिकच्या लिफ्टवर चढवली. चढवण्याआधी डिकीतलं बटण पुन्हा बंद केलं. हे विसरून चालत नाही. चाकं लोंबकळली की सेन्सरला गाडी फार उंच झाल्यासारखी वाटते आणि तो फुग्यांतली हवा सोडून देऊ शकतो. भांडी घासायचा साबण पाण्यात कालवून फवाऱ्याने दोन्ही फुग्यांवर मारला. उजवीकडे काही नाही. डावीकडे व्हॉल्व्हभोवतीही काही नाही. पण फुगा खालच्या पिस्टनवर जिथे गुंडाळला जातो, त्या घडीत टॉर्च धरल्यावर बारीक बुडबुड्यांची एक रांग हळूहळू वर येताना दिसली. बोटाने घडी दाबली की बुडबुडे थांबत आणि सोडली की पुन्हा सुरू होत. रबर वाळून केसाएवढ्या भेगा पडल्या होत्या. थंडीत रबर कडक होतं, भेगा जास्त उघडतात. दिवसा गाडी चालून रबर गरम झालं की त्या बऱ्याच मिटतात. काकांनी वहीत लिहिलेला थंडीचा मुद्दा इथे नेमका जुळला.

इतक्या वर्षांच्या रबराने दम सोडला तर त्यात नवल नाही. पण हीच गळती तशीच राहिली असती तर कॉम्प्रेसर खरोखर गेला असता. तो थोडा वेळ चालण्यासाठी बनवलेला असतो. रोज लांबलांब चालून तो तापतो, त्याच्या रिंगा झिजतात, ड्रायरमधली ओल शोषणारी पूड भिजून निकामी होते आणि मग नळ्यांत पाणी साचून हिवाळ्यात गोठतं. गॅरेजवाल्याने नवा कॉम्प्रेसर घातला असता तर गाडी काही महिने पटकन उचलली गेली असती, सकाळी बसायची मात्र थांबली नसती, आणि नवा कॉम्प्रेसरही जुन्याच्या वाटेने गेला असता.

हवा की कॉइल

इथे घरात खरी चर्चा झाली. कॉइल स्प्रिंगांचा संच सहज मिळतो, एकदा घातला की हवेची कटकट संपते. पोलिसांच्या क्राउन व्हिक्टोरियाला मागे कॉइलच असत आणि त्या गाड्यांनी खड्ड्यांचे रस्ते लाखो मैल तुडवले आहेत. अमेरिकेतले बरेच मालक हाच मार्ग घेतात. मी त्याला नावं ठेवत नाही. गाडी वर्षभरात विकायची असेल, किंवा फुगे, कॉम्प्रेसर आणि सेन्सर सगळंच एकदम गेलं असेल, तर कॉइल घालणं शहाणपणाचं आहे.

पण या घरात ही गाडी कशासाठी वापरली जाते ते पाहायला हवं. गणपतीत मंडळाचं सामान काकांच्या डिकीत जातं. डिकी जवळजवळ सहाशे लिटरची आहे: चौरंग, समया, पितळी ताटं, प्रसादाचे डबे, वर सजावटीच्या कापडांचे गठ्ठे. मागच्या सीटवर तीन काकू-मावश्या, पुढे सलग बाक असल्यामुळे मध्ये आणखी कोणीतरी. एवढं लादूनही गाडी मागून झुकत नाही, समोरचे दिवे आभाळाकडे बघत नाहीत आणि काकूंना नेहमीच्या उंचीवरूनच चढता-उतरता येतं. हे काम हवेचं आहे. साध्या कॉइल घातल्या की ते जातं. कडक घातल्या तर रिकाम्या गाडीत रस्त्याचा प्रत्येक सांधा कमरेला कळतो. टाउन कार घ्यायची ती तिच्या चालीसाठी. तीच काढून टाकायची असेल तर मग ही गाडी ठेवण्याला फारसं कारण उरत नाही.

काकूंनी विषय एका वाक्यात मिटवला: "मला एसयूव्हीत चढावं लागतं आणि छोट्या गाडीत खाली बसावं लागतं. हिच्यात मी नुसती बसते."

ठरलं ते असं: दोन्ही बाजूंचे फुगे नवे घालायचे, एकाच बाजूचा नाही, कारण दोघांचं वय सारखंच. व्हॉल्व्हच्या ओ-रिंगा नव्या. कॉम्प्रेसरची वीज चालू-बंद करणारा रिलेही नवा, कारण तो चिकटला तर कॉम्प्रेसर थांबतच नाही. आणि कॉम्प्रेसर आहे तोच. फुग्यांची जोडी कॉम्प्रेसरपेक्षा महाग नव्हती आणि सगळं काम एका सकाळीत झालं.

काम करताना दोन गोष्टी मेकॅनिकने नीट पाळल्या आणि त्या लिहून ठेवाव्यात अशा आहेत. व्हॉल्व्ह फुग्यातून एकदम उपटायचा नसतो. थोडा फिरवून आधी हवा सुटू द्यायची, मगच पूर्ण बाहेर काढायचा, नाहीतर तो गोळीसारखा सुटतो. आणि नवे फुगे बसवल्यावर त्यांत हवा भरल्याशिवाय गाडीचं वजन त्यांच्यावर टाकायचं नाही. रिकामा फुगा वजनाखाली वाकडा दुमडला तर नवं रबर पहिल्याच दिवशी चिरडतं.

लिफ्टवर असतानाच

फुग्यांपेक्षा मला चासीची जास्त काळजी होती. मिशिगनमध्ये गाड्यांची वार्षिक तांत्रिक तपासणी सक्तीची नाही. म्हणजे गाडीखाली कोणी डोकावलंच नाही तरी ती वर्षानुवर्षं रस्त्यावर धावू शकते, आणि रस्त्यावर हिवाळाभर मीठ पडत असतं. मागच्या चाकांजवळ, चासी जिथे अ‍ॅक्सलवरून वर वळते, तिथे मी हातोडीने सगळीकडे ठोकून पाहिलं. ठणठणीत आवाज आला. वरवरचा गंज होता, पापुद्रे निघत नव्हते. मागच्या ब्रेककडे जाणारी पोलादी नळी मात्र खवल्यांनी भरलेली होती. ती त्याच दिवशी काढून तांबे-निकेल मिश्रधातूची घातली. हे काम फुग्यांच्या आधी करायचं होतं, इतकं ते निकडीचं होतं. गाडी मागून बसली तर लाज वाटते. ब्रेकची नळी फुटली तर माणसं जातात.

बाकी गाडीवर वेळ घालवण्यासारखं फारसं काही नव्हतं. एसीची हवा वळवणारं आतलं एक छोटं दार उघडझाप करताना टकटक करत होतं. टायर पाच वर्षांहून जुने निघाले, त्यामुळे बदलले.

मुलाची बाजू

चुलत भावाचं म्हणणं मी काकांसमोर पूर्ण मांडलं, कारण त्यात तथ्य आहे. या गाडीत एबीएस आहे, ट्रॅक्शन कंट्रोल आहे, एअरबॅगा आहेत. पण गाडी घसरू लागली तर सावरणारं इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल नाही. पँथर गाड्यांना ते कधीच मिळालं नाही. मागची चाकं ढकलणार, पुढे जड इंजिन, आणि खाली मिशिगनचा बर्फ. ही काळजी खरी आहे. त्यावर उपाय ठरले: हिवाळी टायर वेगळ्या रिमवर चढवून ठेवायचे, नोव्हेंबरमध्ये घालायचे, एप्रिलमध्ये काढायचे. आणि बर्फ पडत असताना रात्री बाहेर पडायचं नाही. दुसरी अट काकूंनीच घातली.

खर्चाचा हिशेब काकांनी वहीतच मांडला. पेट्रोल शहरात गॅलनला सोळा-सतरा मैल, महामार्गावर चोवीसच्या आसपास. पण त्यांचं चालवणंच थोडं, आणि गाडीला साधं ८७ ऑक्टेन चालतं. नव्या गाडीची पहिल्या दोन वर्षांत जेवढी किंमत उतरते, त्यात या गाडीचं पेट्रोल आणि दुरुस्ती अनेक वर्षं निघते. एक गोष्ट त्यांना खटकते ती नंबरप्लेटच्या वार्षिक शुल्काची. मिशिगनमध्ये ते गाडीच्या मूळ छापील किमतीवर ठरतं, सुरुवातीची काही वर्षं थोडं घटतं आणि मग तिथेच थांबतं. त्यामुळे आज काही हजार डॉलरला जाणाऱ्या गाडीचं शुल्क अजूनही चाळीस हजारांच्या गाडीचं आहे. विम्यात मात्र वाचवता येतं. टक्कर झाल्यास आपल्याच गाडीच्या नुकसानीचं संरक्षण त्यांनी काढून टाकलं. चोरी, काच आणि हरणाची धडक यांचं ठेवलं, कारण तो हप्ता किरकोळ आहे आणि इथे शरद ऋतूत हरणं संध्याकाळी रस्त्यावर येतातच.

आता

फुगे बदलल्यावरही काकांनी मोजमापं चालूच ठेवली. कडाक्याच्या थंडीत दोन्ही बाजू सारख्या आणि थोड्याच उतरतात. कॉम्प्रेसर क्षणभर चालून थांबतो. म्हणजे तोही निदान सध्या तरी शाबूत आहे.

गाडी कधी सोडायची तेही घरात स्पष्ट ठरलं आहे, आणि हे लिहून घ्यायला मीच आग्रह धरला. चासीला हातोडी आत गेली, एवढा गंज चढला, की वेल्डिंग करत बसायचं नाही, गाडी सुट्या भागांसाठी द्यायची. इंजिन किंवा गिअरपेटी गेली तर चासीची अवस्था पाहून ठरवायचं. आणि काकांची दृष्टी किंवा काकूंचे गुडघे यांतलं काही बदललं तर गाडी कितीही ठणठणीत असली तरी पुन्हा बसून बोलायचं. चुलत भावाला ही यादी पाठवली, तेव्हा विकण्याचा विषय त्याने मागे घेतला. हिवाळी टायरचे पैसे त्याने दिले.

एप्रिलमध्ये खालून मीठ धुऊन झालं की गाडी पुन्हा लिफ्टवर जाईल. तेव्हा मागच्या अ‍ॅक्सलला जागेवर धरणाऱ्या वॉट्स लिंकेजचे बुश, डिफरन्शियलचं तेल आणि उजवीकडची ब्रेकची नळी बघायची आहे.